डेटा एपीआयवरून एसक्यूएल चालवताना हंगामात सगळं अडकतं, तेव्हा काय बदलावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातली एक लहान टीम अडत्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवते. त्यांच्या एपीआयला, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामांच्या विनंत्या घेणाऱ्या सेवेला, एसक्यूएल क्वेरी आणि तिचे पॅरामीटर मिळतात. एपीआय ती पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालवते आणि निकाल जेसन या मजकुराच्या स्वरूपात परत देते. एपीआय आणि डेटाबेस दोन्ही मुंबईच्या क्लाउड रिजनमध्ये आहेत. संत्र्याच्या आणि कापसाच्या हंगामात संध्याकाळी रिपोर्ट अडकतात, कनेक्शन संपल्याच्या एरर येतात आणि एखादी हिशेबपट्टी दोनदा नोंदवली जाते. प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी शेवटी लिहिलंय, "क्वेऱ्या तपासल्या, इंडेक्सही आहेत. मग हे काहून होते? आता मोठं मशीन घ्यायचं का?"

ताई, मशीन सध्या घेऊ नका. तिन्ही तक्रारींचं मूळ मला एकच दिसतं. तुमची एपीआय क्वेरी फोनसारखी चालवते: विचारणारा फोन कानाला लावून उभा, सांगणारा आत शोधतोय, आणि उत्तर मिळेपर्यंत दोघंही अडकलेले. अर्ध्या सेकंदाच्या क्वेरीला हे चालतं. दिवसभराच्या आवकेचा, हमाली-तोलाईसकट सगळ्या अडत्यांचा ताळमेळ काढणाऱ्या क्वेरीला चालत नाही.

दळण कसं दिलं जातं ते आठवा. डब्यावर नाव लिहून आपण डबा गिरणीत ठेवतो आणि घरी येतो. गिरणीवाला रांगेप्रमाणे दळतो, ज्वारीवर ज्वारी आणि गव्हावर गहू घेतो, आणि आपण तासाभराने जाऊन डबा उचलतो. मधल्या वेळात गिरणीपुढे कुणी ताटकळत नाही. लांब चालणाऱ्या क्वेरीला एपीआयने अशीच वागणूक द्यायला हवी: क्वेरी घ्यायची, तिला एक आयडी द्यायचा, रांगेत लावायची, आणि निकाल नंतर त्या आयडीवर द्यायचा.

हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी कापसाच्या खरेदीचं एक काम माझ्याकडे होतं. दसऱ्यानंतर आवक वाढली आणि संध्याकाळी सहानंतर डेटाबेस गुदमरायला लागला. चालू क्वेऱ्यांची यादी, म्हणजे पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी, उघडून पाहिली तर एकच जड रिपोर्ट एकाच माणसाच्या नावाने चारदा चालू होता. त्याने बटण एकदाच दाबलं होतं. मध्ये एन्जिन्क्स नावाचं प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या सर्व्हरकडे पोहोचवणारं सॉफ्टवेअर, होतं, आणि मागच्या सर्व्हरकडून उत्तर यायची वाट ते मुळात ६० सेकंदच बघतं. साठावं सेकंद उलटलं की ते क्लायंटला, म्हणजे विनंती पाठवणाऱ्या प्रोग्रामला, ५०४ (‘वेळ संपली’) ही एरर पाठवायचं. आमच्या क्लायंट लायब्ररीत आपोआप तीनदा पुन्हा प्रयत्न करायची सोय होती, ती मीच चालू केलेली. पहिली क्वेरी डेटाबेसमध्ये चालूच राहायची, वर दुसरी यायची, मग तिसरी. चौघी एकमेकींची डिस्क आणि मेमरी खायच्या, त्यामुळे प्रत्येक आणखीच लांबायची. क्वेरी एकटी चालवली तर ७० सेकंदांत संपत होती. म्हणजे फक्त दहा सेकंद जास्त लागत होते म्हणून आमची अख्खी संध्याकाळ वाया जात होती.

विचारणारा निघून गेला हे क्वेरी चालू असताना पोस्टग्रेसला सहसा कळत नाही. निकाल पाठवायला गेल्यावर कळतं. आवृत्ती १४ पासून मध्येच कनेक्शन तपासण्याची एक सेटिंग आली आहे, पण ती मुळात बंद असते. आणि तुमच्या रचनेत ती चालू केली तरी उपयोग नाही, कारण पोस्टग्रेसच्या दृष्टीने क्लायंट म्हणजे तुमची एपीआय, आणि ती तर जिवंत आहे, निमूटपणे वाट बघत बसलेली आहे. ब्राउझर बंद झाला हे एपीआयने ओळखून डेटाबेसला ‘रद्द कर’ असं सांगितलं पाहिजे. हा निरोप आपोआप पोहोचत नाही, तो कोडमध्ये लिहावा लागतो.

म्हणून पहिला बदल वेळमर्यादांचा. पोस्टग्रेसमध्ये स्टेटमेंट टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणजे मर्यादाच नाही. आतली मर्यादा नेहमी बाहेरच्यापेक्षा लहान ठेवा. लॉकसाठी, म्हणजे दुसऱ्याने धरून ठेवलेली ओळ सुटेपर्यंत, थांबायची मर्यादा सगळ्यात लहान, मग स्टेटमेंटची, मग प्रॉक्सीची, आणि सर्वांत मोठी क्लायंटची. प्रॉक्सी ६० सेकंदांची असेल तर थेट उत्तर देणाऱ्या क्वेरीला ५० सेकंदांच्या आत डेटाबेसनेच थांबवलं पाहिजे. मग क्लायंटला खरं कारण कळतं आणि मागे अनाथ क्वेरी उरत नाही. या मर्यादा ट्रान्झॅक्शनच्या (सगळी मिळून पक्की होणारी किंवा सगळी मिळून मागे घेतली जाणारी कामं) आत ‘सेट लोकल’ने लावा. नुसत्या ‘सेट’ने लावल्या तर त्या कनेक्शनला चिकटतात, आणि पूलमधलं, म्हणजे आळीपाळीने वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यातलं, तेच कनेक्शन पुढे दुसऱ्याच्या हाती जातं.

दुसरा बदल आयडीचा, आणि तुमच्या कामात सर्वांत मोठा फरक यानेच पडेल. विनंती आली की एपीआयने एका टेबलात नोंद करावी: आयडी, क्वेरी, पॅरामीटर, कुणी पाठवली, आणि स्थिती. स्थिती पाचच पुरतात: रांगेत, चालू, पूर्ण, अयशस्वी, रद्द. मग सुमारे दहा सेकंद थांबून पाहायचं. तेवढ्यात निकाल आला तर तो लगेच द्यायचा. नाही आला तर २०२ (‘विनंती घेतली, काम बाकी’) हा स्टेटस आणि आयडी देऊन क्लायंटला मोकळं करायचं. मोठ्या सेवा असंच करतात. डेटाब्रिक्सची स्टेटमेंट एपीआय मुळात १० सेकंद थांबते, आणि तो काळ ५ ते ५० सेकंदांत बदलता येतो. स्नोफ्लेकची एपीआय ४५ सेकंदांत क्वेरी संपली नाही तर तिचा हँडल, म्हणजे आयडीच, देऊन मोकळी होते. रेडशिफ्टची डेटा एपीआय तर थांबतच नाही. लगेच आयडी देते आणि निकाल २४ तास सांभाळते. तुमच्या बऱ्याच क्वेऱ्या छोट्या आहेत, त्यामुळे ‘थोडं थांब, मग आयडी दे’ हा मधला मार्ग तुम्हाला सोयीचा.

रांगेसाठी वेगळं सॉफ्टवेअर आणायची घाई नको. त्याच टेबलातून ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ने काम उचलता येतं, ही सोय पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. दोन वर्कर, म्हणजे रांगेतली कामं चालवणारे प्रोग्राम, एकच काम उचलत नाहीत आणि एकमेकांची वाटही बघत नाहीत. फक्त काम उचलल्यावर ते ट्रान्झॅक्शन लगेच संपवा, रिपोर्ट चालेपर्यंत उघडं ठेवू नका. आणि वर्करने ‘मी जिवंत आहे’ अशी वेळ दर काही सेकंदांनी लिहीत राहावं. नाहीतर वर्कर मेला तर ती नोंद कायम ‘चालू’ दिसते आणि अडत्या रात्रभर रिफ्रेश करत बसतो.

रद्द करण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे चांगले लोक चुकतात. रद्द करायला बॅकएंडचा, म्हणजे ती क्वेरी चालवणाऱ्या पोस्टग्रेसच्या प्रोसेसचा, क्रमांक लागतो. पण पूलमध्ये तोच बॅकएंड क्षणार्धात दुसऱ्याची क्वेरी चालवायला लागलेला असू शकतो. तुम्ही रामभाऊंचा रिपोर्ट थांबवायला जाता आणि श्यामभाऊंची पावती थांबते. म्हणून ट्रान्झॅक्शन सुरू करताना ॲप्लिकेशन नेममध्ये, पुन्हा ‘सेट लोकल’नेच, आपला आयडी लिहा आणि रद्द करण्याआधी तो जुळतो का ते पाहा. तपासणं आणि थांबवणं यांत बारीक फट उरतेच. ती बुजवायची तर लांब क्वेऱ्यांच्या वर्करला स्वतःचं कायमचं कनेक्शन द्या. काही जण आयडी क्वेरीच्या मजकुरात कॉमेंट म्हणून घालतात. ते टाळा, कारण मग प्रत्येक क्वेरीचा मजकूर वेगळा होतो आणि ड्रायव्हरने तयार करून ठेवलेली स्टेटमेंटं पुन्हा वापरताच येत नाहीत.

आता दोनदा पडणाऱ्या हिशेबपट्टीबद्दल. हे मला सगळ्यात जास्त लागतं, कारण त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला शेतकरी आहे. क्लायंटने विनंती पाठवली, डेटाबेसने नोंद केली, कमिटही झालं, म्हणजे नोंद पक्की झाली, आणि उत्तर परत येताना नेटवर्क तुटलं. क्लायंटच्या दृष्टीने काहीच झालं नाही, तो पुन्हा पाठवतो. यावर उपाय एकच: विनंतीची ओळख क्लायंटने ठरवायची. नोंद करण्याआधीच क्लायंटने एक युनिक किल्ली बनवावी आणि प्रत्येक प्रयत्नात तीच पाठवावी. डेटाबेसमध्ये त्या किल्लीवर युनिक बंधन असावं, आणि ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ लावून किल्लीची नोंद आणि पट्टीची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हावी. दुसऱ्यांदा तीच किल्ली आली की पहिल्या वेळचाच निकाल परत द्या. आधी सिलेक्टने शोधून मग इन्सर्ट करणं पुरत नाही; दोन विनंत्या एकदम आल्या तर दोघींनाही ‘नाही सापडलं’ असंच उत्तर मिळतं.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा हेही एपीआयने ठरवावं, क्लायंटच्या अंदाजावर सोडू नये. पोस्टग्रेस प्रत्येक एररला पाच अक्षरांचा कोड देतं. ४०००१ म्हणजे ट्रान्झॅक्शनांचा क्रम जुळला नाही, ४०पी०१ म्हणजे डेडलॉक, दोन ट्रान्झॅक्शनं एकमेकांच्या लॉकसाठी अडकलेली. या दोन्हींत अख्खं ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवायचं. २३५०५ म्हणजे युनिक बंधन मोडलं, ४२ ने सुरू होणारे कोड बहुतेक चुकीच्या क्वेरीचे किंवा नसलेल्या परवानगीचे. यांत शंभरदा प्रयत्न केला तरी तेच होणार. ०८ ने सुरू होणारे कनेक्शनचे कोड सर्वांत फसवे, कारण कमिट झालं की नाही ते माहीतच नसतं. वरची किल्ली असेल तरच तिथे पुन्हा प्रयत्न करा. तुमच्या एपीआयत हे सगळे कोड ५०० (‘सर्व्हरची चूक’) या एकाच स्टेटसखाली जातात असं तुम्ही लिहिलंय. ते आधी बदला, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तुमच्या नागपूरच्या ऑफिसातून रात्री काटापट्ट्या चढवणारा जो प्रोग्राम आहे, तो दर पट्टीला तीन कॉल करतो: ट्रान्झॅक्शन उघड, इन्सर्ट कर, कमिट कर. जरा अंतराचा हिशेब करू. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. केबल तेवढीच लांब धरली तरी जायला साडेतीन मिलिसेकंद आणि जाऊन यायला सात. हा निसर्गाने ठरवलेला किमान वेळ आहे, प्रत्यक्षात जास्तच लागतो. समजा ३००० पट्ट्या आहेत, तर ९००० फेऱ्या, म्हणजे ६३ सेकंद नुसत्या प्रवासात. डेटाबेस एवढा वेळ बहुतेक रिकामाच बसलेला असतो, पण कनेक्शन धरून आणि लॉक धरून. मोठ्या मशीनने यातला एकही सेकंद कमी होणार नाही, कारण मशीन मुंबईत आहे आणि वेळ रस्त्यात जातोय.

त्यापेक्षा ५०० पट्ट्यांचा एक गठ्ठा एका कॉलमध्ये पाठवा, आणि एपीआयने तो एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवावा. आत एकेक इन्सर्ट करण्यापेक्षा प्रत्येक रकान्याचा ॲरे पाठवून ‘अननेस्ट’ने एकाच स्टेटमेंटमध्ये घाला. असंख्य प्रश्नचिन्हांची लांबच लांब व्हॅल्यूज यादी बनवू नका. पोस्टग्रेसच्या प्रोटोकॉलमध्ये एका स्टेटमेंटला ६५,५३५ पॅरामीटरचीच जागा आहे, आणि २० रकाने असतील तर ती सव्वातीन हजार ओळींतच संपते. जुना डेटा एकदम भरायचा असेल तेव्हा ‘कॉपी’ वापरा. आणि ट्रान्झॅक्शन उघडण्याचा वेगळा कॉल बाहेरच्यांसाठी शक्यतो ठेवूच नका. एखाद्याचं नेट मध्येच गेलं तर त्याचे लॉक तसेच लटकत राहतात. ठेवलाच, तर ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ची मर्यादा नक्की लावा.

कनेक्शन संपतात म्हणून तुम्ही कमाल मर्यादा १०० वरून ५०० केली. ती परत खाली आणा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही एक स्वतंत्र प्रोसेस असते. आठ कोरच्या मशीनवर ५०० क्वेऱ्या एकदम सोडल्या तर त्या लवकर संपत नाहीत, सगळ्या मिळून सावकाश संपतात. कोरच्या दुपटीच्या आसपास चालू कनेक्शन ठेवून मोजायला सुरुवात करा, बाकीच्यांना एपीआयच्या दारातच रांगेत थांबवा, आणि रांग फार लांबली तर ४२९ (‘फार विनंत्या’) देऊन स्पष्ट नाही म्हणा. दोन पूल वेगळे करा: पावत्या-नोंदींचा एक, लांब रिपोर्टांचा दुसरा, आणि दुसरा मुद्दाम लहान. मोठं दळण लागलं म्हणून पावशेर बेसनवाल्याने दुपारपर्यंत थांबू नये. पीजीबाउन्सर हा कनेक्शन वाटून देणारा प्रोग्राम ट्रान्झॅक्शन मोडमध्ये वापरत असाल तर आवृत्ती बघा. प्रोटोकॉलवरची प्रिपेअर्ड स्टेटमेंटं, म्हणजे एकदा तयार करून पुन्हा पुन्हा वापरायच्या क्वेऱ्या, त्या मोडमध्ये १.२१ पासून, म्हणजे २०२३ पासून चालतात. त्याआधीच्या आवृत्तीत ‘असं स्टेटमेंटच नाही’ अशा विचित्र एरर येतात.

तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिलीत: तीच क्वेरी हाताने चालवली की झटपट, एपीआयवरून संथ. याचं एक ठरलेलं कारण आहे. प्रिपेअर्ड स्टेटमेंट पहिल्या पाच वेळा पोस्टग्रेस तुमच्या खऱ्या पॅरामीटरप्रमाणे प्लॅन, म्हणजे डेटा कुठल्या वाटेने शोधायचा ते, बनवतं. त्यानंतर सर्वांसाठी सारखा असा प्लॅन फार महाग दिसत नसेल तर तोच वापरत राहतं. तुमच्या टेबलात निम्म्या ओळी एकट्या नागपूरच्या कळमना बाजाराच्या असतील आणि एखाद्या तालुक्याच्या बाजाराच्या दोनशेच, तर दोघांना एकच प्लॅन कसा मानवेल? कळमन्याला टेबल सलग वाचणं स्वस्त, लहान बाजाराला इंडेक्स. अशा निवडक क्वेऱ्यांच्या ट्रान्झॅक्शनमध्ये प्लॅन कॅश मोड ‘फोर्स कस्टम प्लॅन’ करा; ही सेटिंग आवृत्ती १२ पासून आहे. सरसकट सगळीकडे लावू नका, छोट्या क्वेऱ्यांना दरवेळी प्लॅन बनवण्याचा भुर्दंड बसेल.

निकालाच्या बाजूला दोन-तीन गोष्टी. जावाचा पोस्टग्रेस ड्रायव्हर मुळात सगळा निकाल मेमरीत ओढतो. फेच साइज, म्हणजे एका वेळी किती ओळी आणायच्या ते, लावला तरी ऑटोकमिट बंद नसेल तर तो ऐकत नाही, आणि यात माझा एक पूर्ण दिवस गेला होता. दोन लाख ओळींचा जेसन एकदम बनवू नका. ओळी येतील तशा फाइलमध्ये लिहा आणि क्लायंटला थोड्या काळापुरती लिंक द्या. पानं पाडायची असतील तर ऑफसेट टाळा, कारण शंभराव्या पानासाठी आधीची नव्व्याण्णव वाचून टाकून द्यावी लागतात. शेवटच्या ओळीची तारीख आणि आयडी घेऊन ‘याच्या पुढच्या द्या’ असं विचारा. रुपये-पैसे आणि मोठे आयडी जेसनमध्ये स्ट्रिंग म्हणून पाठवा. जावास्क्रिप्टला ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ च्या पुढचे पूर्णांक अचूक धरता येत नाहीत, आणि दशांशातले पैसे जोडताना बारीक फरक पडत जातो.

आणि टाइमझोन. क्वेरी ज्या सत्रात चालते त्याचा टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल तर दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. पहाटे चार वाजता काट्यावर आलेली संत्र्याची गाडी आदल्या दिवसाच्या आवकेत जाते. रिपोर्ट वेगाने येईल, एररही येणार नाही, आणि आकडा चुकीचा असेल. प्रत्येक क्वेरीसोबत टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ असा एपीआयनेच लावावा, सर्व्हरच्या मर्जीवर सोडू नये.

सुरक्षेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बाहेरून एसक्यूएल घेणाऱ्या एपीआयबद्दल ते न सांगता थांबता येणार नाही. पॅरामीटर मजकुरात जोडू नका, बाइंड करा. रिपोर्टांसाठी वेगळा डेटाबेस रोल ठेवा आणि त्याला लागतील तेवढ्याच टेबलांवर वाचण्याची परवानगी द्या. ‘रीड ओन्ली’ ट्रान्झॅक्शनची सेटिंग चूक टाळायला चांगली आहे, पण ती कुंपण नव्हे. येणारी क्वेरी स्वतःच ती सेटिंग बदलू शकते. खरी मर्यादा ग्रँटची, म्हणजे रोलला दिलेल्या परवानग्यांचीच. त्याहून चांगलं म्हणजे क्वेऱ्या तुमच्याकडे नावानिशी साठवा आणि बाहेरून फक्त नाव आणि पॅरामीटर घ्या. तुमच्या अडत्यांना पंधरा-वीस रिपोर्ट लागतात. त्यांना मोकळं एसक्यूएल कशाला हवंय?

सुरुवात मात्र मोजण्यापासून करा. कुठली क्वेरी किती वेळ खाते याची नोंद ठेवणारं पीजी स्टॅट स्टेटमेंट्स चालू करा. त्याला सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो, तो रविवारी करा. यादी सरासरी वेळेप्रमाणे लावू नका, एकूण वेळेप्रमाणे लावा. दोन मिलिसेकंदांची क्वेरी दिवसात दहा लाख वेळा चालत असेल तर ती दोन हजार सेकंद खाते, आणि सरासरीच्या यादीत ती कधी वर येतच नाही. पहिल्या पाच क्वेऱ्या घ्या, त्या खऱ्या पॅरामीटरसह ‘एक्सप्लेन ॲनलाइझ बफर्स’ने चालवा. नोंद बदलणारी क्वेरी असेल तर ती ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून रोलबॅक करा, कारण ॲनलाइझ क्वेरी खरोखर चालवतं.

वेळमर्यादा, एरर कोड आणि युनिक किल्ली एवढं या आठवड्यात होईल. काटापट्ट्यांचे गठ्ठे पुढच्या आठवड्यात. आयडी आणि रांगेला महिना धरा, आणि ते काम आंबिया बहाराची गर्दी सुरू होण्याआधी संपेल असं बघा. त्या पाच क्वेऱ्यांचे एक्सप्लेनचे निकाल, व्यापाऱ्यांची नावं काढून, इथेच टाका. मी बघून कुठला इंडेक्स कमी पडतोय ते सांगतो.